मदत हवी आहे: देवनागरीत कर्निंग कुठे, ट्रॅकिंग कुठे?

मंडळी, इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) एका पुस्तकाची मांडणी करतोय आणि अक्षरांमधल्या अंतरावर अडलोय. कर्निंग म्हणजे ठरावीक दोन अक्षरांमधली फट कमी-जास्त करणं आणि ट्रॅकिंग म्हणजे निवडलेल्या सगळ्या मजकुराचं अंतर एकसारखं बदलणं, इथवर ठीक. दोन्ही मोजतात एमच्या (म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढ्या रुंदीच्या) १/१००० भागात आणि पॅनेलमध्ये दोन्हींचे रकाने शेजारी-शेजारी, म्हणजे गोंधळ होणारच!

रोमनमध्ये फरक चटकन दिसतो. कॅपिटल ए आणि व्ही लागून आले की तिरक्या बाजूंमुळे मध्ये भगदाड दिसतं, ते कर्निंगने बुजवतात. देवनागरीत मात्र ट्रॅकिंग जरा वाढवलं की शिरोरेषाच तुटते, आणि कमी केलं की काना पुढच्या अक्षरात घुसतो.

मग शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून तुम्ही काय करता? नुसतं शब्दांमधलं अंतर वाढवता, की सरळ रुंद वळणाचा फॉन्ट घेता? आणि कर्निंगला मेट्रिक्सवरच (फॉन्टमध्ये आधीच ठरवलेल्या अंतरांवर) ठेवता का? ऑप्टिकल पर्याय (सॉफ्टवेअर अक्षरांचे आकार बघून अंतर ठरवतं तो) मला रोमनच्याच सोयीचा वाटतो, पण देवनागरीत कोणी नेमाने वापरत असेल तर अनुभव सांगा. छपाईतला नमुना दाखवलात तर फारच बरं.