आधी उघड फेरी घ्या

काटा वळवून सोनं शोधतो म्हणणाऱ्या यंत्राचा दावा तपासायला एक चाचणी सुचवली जाते: दहा डबे ठेवा, एकात सोनं लपवा आणि यंत्रवाल्याला शोधू द्या. लपवणारा तिथे थांबणार नाही, बरोबरच्या माणसालाही डबा माहीत नसेल. अगदी मान्य. पण एक टप्पा सुटलाय. सुरुवातीला त्याच जागी, त्याच डब्यांवर, सोनं कुठे आहे ते यंत्रवाल्याला दाखवून एक फेरी घ्यायची. तिथे काटा झकास वळतोच. मग "आज यंत्र ठीक चाललंय, जागेचा काही अडथळा नाही" असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं. हे केलं नाही, तर हरल्यावर जमिनीतलं लोखंड, विजेची तार, प्रेक्षकांची नकारात्मकता (हो, हेही ऐकलंय) सगळं बाहेर येतं.

दुसरं, डबा फाशाने ठरवा. माणूस मनाने निवडतो तेव्हा कडेचे डबे टाळतो. रिकाम्या डब्यांत तेवढ्याच वजनाचं शिसं घाला आणि प्रत्येक फेरीला सगळेच डबे उघडून बंद करा. आम्ही एकदा हौसेने करून पाहिलं, तर ज्याला हात लागला होता त्या एकाच झाकणावरची धूळ पुसलेली! यंत्र राहू द्या, कुणीही ओळखलं असतं.

किती वेळा बरोबर आलं तर पास, तेही आधीच ठरवा. दहा डबे, दहा फेऱ्या असतील तर नुसत्या नशिबाने तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ७ टक्के, पाच किंवा जास्तची ०.२ टक्क्यांहून कमी. थायलंडमध्ये २०१० साली जीटी२०० या स्फोटकशोधक यंत्राची अशीच चाचणी झाली, तेव्हा २० पैकी ४ वेळाच बरोबर आलं.