आत्याला धर्मादाय वृद्धाश्रमात ठेवायचंय, काय काय विचारून घेऊ?

झुळूक:
आत्या ७८ वर्षांची, मूलबाळ नाही, एकटीच राहते. चालतीफिरती आहे पण हल्ली गॅस चालू ठेवून विसरते, मध्ये पडलीही. एका ट्रस्टचा आश्रम बघितला, स्वच्छ वाटला, फी नाही, जमेल ती देणगी द्या म्हणाले. आता फुकट ठेवून घेतायत म्हटल्यावर फार चौकशी करायचा संकोच वाटतो. तरी काय विचारावं?

निवांत_बसलोय:
संकोच कसला! अंथरुणाला खिळली तर ठेवून घेणार का, हे सगळ्यात आधी विचारा. बरेच आश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, मग हातपाय थकले की फोन येतो की घेऊन जा. काय ते लेखी घ्या.

रातराणी:
मी अशा ठिकाणी नाइट ड्युटी केलीय. दिवसा सगळं छानच दिसतं हो, देणगीदार येणार असले की चादरीसुद्धा बदलतात. रात्री मजल्यावर किती माणसं असतात ते विचारा, कारण पडून असलेल्यांची साधारण दर २ तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर माकडहाडाला, टाचांना बेडसोअर म्हणजे पडून पडून जखमा होतात आणि एकच मावशी असेल तर तिने कितीही जीव तोडला तरी पुरं पडत नाही, त्यात कुणी उठून दार उघडायला लागलं तर संपलंच. विसरभोळ्यांची घालमेल बऱ्याचदा संध्याकाळनंतर वाढते. आणि आत्या अचानक असंबद्ध बोलायला लागल्या तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, लघवीच्या इन्फेक्शननेपण तसं होतं, डॉक्टरांना लगेच दाखवा.

झुळूक:
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर सही कोणाची? मी दुसऱ्या गावात असतो.

निवांत_बसलोय:
बहुतेक तुमचीच मागतील. तुम्ही पोचेपर्यंत कोण थांबणार, बिल कोण भरणार, आत्ताच ठरवा. आणि घर ट्रस्टच्या नावावर करा असं कोणी सुचवलं तर आपला वकील गाठा, तिथेच सही करू नका.

चष्मा_कुठंय:
सगळं वाचलं. आत्यांना विचारलंय का पण?

झुळूक:
अजून नाही. रविवारी बोलणार आहे.

चष्मा_कुठंय:
मग फॉर्म भरायच्या आधी थोडे दिवस राहून बघता येतं का ते विचारा, घर तोवर आवरू नका. तिथल्या आज्यांशी त्यांनाच बोलू दे, तुम्ही बाहेर थांबा.