शेतातली खापरं किती जुनी ते कसं ओळखायचं?

निफाडचा_मळेवाला: आमचं शेत गावाच्या जुन्या पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेला लागून आहे, नांगरट झाली आणि वर पाऊस पडला की खापरंच खापरं वर येतात. बहुतेक साधी काळी-तांबडी, पण दोनेक तुकड्यांवर हिरवट-निळी झिलई आहे आणि एक काठाचा तुकडा अभ्रकानं चमकतो. गावात सगळ्यांचं एकच, पांडवांच्या काळातलं 😀 घरी आणून घासून धुवू का?

गोदाकाठची: अहो घासू नका! झिलई पापुद्र्यासारखी निघते. साधं पाणी, मऊ ब्रश, सावलीत वाळवा, ॲसिड तर अजिबात नको. झिलईचा तुकडा मोडल्या कडेला बघा, आतली माती भुसभुशीत, फिकट किंवा तांबूस असेल तर सुलतानी काळ किंवा नंतरचं असू शकतं, करडी आणि दगडासारखी टणक असेल तर बहुतेक लोणच्याची बरणी. अभ्रकाचा लेप मध्ययुगीन मडक्यांवर दिसतो पण एवढ्यावरून काळ ठरवू नका. सोबत रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे आहेत का?

निफाडचा_मळेवाला: बांगड्या आहेत ताई, काळ्या, वर पिवळे ठिपके. मग पिशवी भरून आणतो सगळं.

खापरवेडा_नाशिक: दादा थांबा, एका पिशवीत सगळं भरलं की संपलंच. नाशिकला मातीच्या गढीवर 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे खोदकाम केलं, तिथं खाली ताम्रपाषाण (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचा काळ), मग सातवाहन आणि सगळ्यात वर मुस्लिम-मराठा काळ असे थर लागले, म्हणून कुठलं खापर कधीचं ते सांगता आलं. तुमच्या नांगरानं सगळे काळ एकत्र कालवलेत, तेव्हा कुठल्या कोपऱ्यात काय पडलं होतं एवढीच माहिती उरलीय, ती घालवू नका. आधी जागेवरच फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोनवरचं लोकेशन, मग कोपऱ्यागणिक वेगळी पिशवी आणि आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. साधे पोटाचे तुकडे नुसते मोजा. काठ, बूड, तोटी, नक्षी मात्र एकेक नोंदवा, कारण भांडं कुठलं ते काठावरूनच कळतं. कागदावर कंपासनं एकात एक वर्तुळं काढा, काठ पालथा टेकवून कुठल्या वर्तुळाला बसतो बघा, तो तोंडाचा व्यास. काठ बोटभरच असेल तर व्यास लिहूच नका, उगाच अंदाज होतो. नंबर घालायचा तो आतल्या बाजूला, मोडल्या कडेवर नको, तिथली माती बघायची असते.

गोदाकाठची: आणि कुदळ लावू नका हं. नोंदी घेऊन नाशिकच्या सरकारवाड्यात पुरातत्त्ववाल्यांना दाखवा.

निफाडचा_मळेवाला: बरं. कांदा लावायच्या आधी एवढं उरकतो, वरच्या बांधापासून सुरू करतो.