अकरानंतरचा दिवस: व्यसन सुटल्यावर काम कसं शिकलात?

परवा आमच्या दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये एक नवा मुलगा म्हणाला, "काका, दारू सुटली, पण सकाळी अकरानंतर दिवस सरतच नाही." सगळे गप्प झाले. ती अकराची वेळ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

उपचारांबद्दल पुण्यात पुष्कळ बोललं जातं. पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथला ३५ दिवसांचा उपचार, हे बहुतेकांना माहीत आहे. पण ज्याला घरच उरलेलं नाही त्याने छत्तिसाव्या दिवशी कुठे जायचं? हात कामाला कसे लागले, ते लिहा. नावं नकोत, काम आणि भाग एवढं पुरे. सुरुवात मी करतो.

वेल्डर, भोसरी

स्टेशनबाहेर अडीच वर्षं झोपलो. भंगार वेचायचं, विकायचं, प्यायचं. उपचारानंतर बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात राहिलो आणि तिथूनच वेल्डिंगच्या तीन महिन्यांच्या कोर्सला जायला लागलो. बरोबरची पोरं अठरा-एकोणीसची, मी एक्केचाळीसचा.

आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, मारायची तर काडेपेटीवर काडी ओढावी तसा रॉड प्लेटवर घासायचा आणि लगेच किंचित वर धरायचा. माझा हात थरथरायचा, रॉड चिकटून बसायचा. नऊ दिवस हेच चाललं. सरांनी कारण विचारलं नाही. कोपर बरगडीला टेकव, डाव्या हाताने उजवं मनगट धर, एवढंच दाखवलं. दहाव्या दिवशी चार इंचांची बीड, म्हणजे वितळलेल्या धातूची रेघ, ओढली गेली, वाकडी. वरचा स्लॅग, म्हणजे मळीचा थर, ठोकून काढला तर खालून चकाकता धातू निघाला. ती पट्टी अजून माझ्या कपाटात आहे.

खरी भीती पहिल्या पगाराची होती. कारखान्याच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत दारूची तीन दुकानं. मीटिंगमधल्या मित्राला फोन केला, तो स्कूटर घेऊन गेटवर येऊन थांबला. पुढच्या महिन्यातही आला. सहा महिने, दर पगाराला.

वायरमन, कोथरूड

माझं घोडं कागदांपाशी अडलं होतं. आधार कार्ड हरवलेलं, नंबर पाठ नाही. भंगारात बोटं इतकी घासली होती की ठसेच उमटेनात. तिसऱ्या खेपेला उमटले. मग बँकेत खातं निघालं. आठवी पासचा दाखला आणायला बावीस वर्षांनी गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी जनरल रजिस्टर काढलं. माझ्या नावापुढे वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं जागच्या जागी. मी तिथेच रडलो. सरांनी चहा मागवला.

पत्नी, हडपसर

हे चार वर्षं घराबाहेर होते. बेकरीचं काम शिकून आले म्हणून मी लगेच दार उघडलं नाही. वर्षभर दर रविवारी पाव घेऊन यायचे आणि जिन्यातच थांबायचे. मुलगी पाव घ्यायची, बोलायची नाही. सुरुवातीचे पाव खालून करपलेले असायचे. दिवाळीनंतर नीट यायला लागले. एका रविवारी तिनेच विचारलं, "बाबा, भट्टी किती वाजता पेटवता?" "पहाटे तीनला," हे म्हणाले. त्या दिवशी ते आत येऊन बसले.

निवृत्त निदेशक, औंध

माझी चूक लिहितो. एका प्रशिक्षणार्थ्याला मी पहिल्या महिन्याचा स्टायपेंड रोख हातात दिला. हुशार होता, त्याच्या हाताला कानस छान बसली होती. दुसऱ्या दिवशी आला नाही. चार दिवसांनी येईल म्हणून मी वाट पाहिली, शोधायला गेलो नाही. पुन्हा दिसलाच नाही. त्यानंतर अशा प्रत्येकाला आधी विचारायचो: पैसे कुठे ठेवायचे, आणि तू आला नाहीस तर मी कोणाला फोन करायचा?

फिटर, चिंचवड

नोकरी लागल्यावर चौदा महिन्यांनी मी पुन्हा प्यायलो. आठवडाभर फुटपाथवर होतो. लाजेने वर्कशॉपकडे फिरकलो नाही. फोरमन शोधत आले. पुन्हा उपचार, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. बाकावर परत उभा राहिलो तेव्हा मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) वाचायला कोणी नव्याने शिकवावं लागलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण स्लिप झाली की सगळं शिकलेलं गेलं असं वाटतं, आणि माणूस परतच येत नाही.

पुन्हा मी

अजून कोणी असाल तर लिहा. आणि ज्याने अकराचं विचारलं त्या मुलासाठी: सोमवारी सकाळी आठला मी भोसरीच्या बसस्टॉपवर थांबतो, सरांशी बोललोय. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालून ये, नायलॉनचा नको, ठिणगीने अंगाला चिकटतो. वेल्डिंगची काच माझ्याकडे जास्तीची आहे.