आर्मी सरप्लसचा दीड टनी ट्रेलर (एम १०५ ए२) एफ-१५० पिकअपला लावून पावणेदोनशे मैल आणायचाय, जमेल का?

माळरान

नमस्कार मंडळी. गेनसविलच्या (टेक्सास) बाहेर आमची १२ एकर जमीन आहे, कुंपण, शेड, खडीचा रस्ता असली कामं दोन वर्षं चालूच आहेत आणि दरवेळी भाड्याचा ट्रेलर आणून कंटाळा आलाय. परवा सरकारी ऑक्शनमध्ये एक एम १०५ ए२ मिळाला, अमेरिकन आर्मीचा दोन चाकी कार्गो ट्रेलर, त्यांच्या अडीच टनी ट्रकच्या मागे असायचा तो. पत्रा जाड, चॅसी एकदम ठणठणीत, गंज जवळजवळ नाहीच, किंमत ऐकून बायकोपण लगेच हो म्हणाली. लॉट टेक्सारकानाजवळ आहे आणि उचलायला दहा दिवसांची मुदत.

माझ्याकडे २०१८ ची एफ-१५०, ३.५ इकोबूस्ट इंजिन, टो पॅकेजसकट (ट्रेलर ओढायचं फॅक्टरी किट). ब्रोशरमध्ये टोइंग १०,००० पाउंडच्या वर लिहिलंय, आणि ट्रेलर रिकामा २,७०० च्या आसपास, म्हणजे गाडीला जड जायचं काही कारण दिसत नाही. पण फोटो नीट बघितले तर पुढे बॉलचा कपलर नाही, जाड लोखंडी रिंग आहे, लाइटचा प्लग भलताच मोठा आहे आणि ब्रेकला हवेचे दोन पाइप आहेत, माझ्या गाडीत हवाच नाही. पिंटल हुक (रिंग अडकवायचा जबड्यासारखा हुक) घेतला की झालं का, अजून काही करावं लागेल? रिकामाच आणणार, पण नंतर त्यात खडी आणि लाकडं वाहायची आहेत. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, पोरं पण बरोबर असणार आहेत.

अर्कान्सा_ताई

दादा, आधी एक काम करा, आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन गाडीच्या मागे गुडघ्यावर बसा आणि रिसीव्हरला (हुक बसतो ती चौकोनी नळी) चिकटवलेलं लेबल वाचा. आमच्याकडे पण एफ-१५० होती, त्यावर दोन आकडे होते, वेट कॅरिंग (नुसत्या हुकवर ओढायचं वजन) ५,००० पाउंड आणि टंग (ट्रेलरचं तोंड हुकवर खाली टाकतं ते वजन) ५००, आणि खाली वेट डिस्ट्रिब्युटिंगचा मोठा आकडा. ब्रोशरमधला १०,००० चा आकडा त्या दुसऱ्या ओळीचा असतो, म्हणजे स्प्रिंग बार लावून वजन पुढच्या चाकांवर वाटून घेतलं तरच. आणि पिंटल-रिंगला ते बार नेहमीच्या पद्धतीने लागतच नाहीत! म्हणजे रिंग लावली त्या क्षणी तुमची गाडी १०,००० ची न राहता ५,००० ची झाली. इंजिन ओढेल हो, इंजिनाचा प्रश्नच नाही, प्रश्न त्या दोन इंची चौकोनी नळीचा आणि मागच्या अ‍ॅक्सलचा आहे.

आता खडीचा हिशोब करा. एम १०५ चा हौदा साधारण ९ फूट बाय ६ फूट आहे. त्यात सहा इंचाचा थर पसरला की झाली एक क्युबिक यार्ड, आणि खडीची एक यार्ड २,८०० पाउंडच्या आसपास भरते. ट्रेलरचे २,७०० धरून ५,५०० झाले, म्हणजे तुम्ही लिमिटच्या वर, आणि हौद्यात बघाल तर तळ कसाबसा झाकलेला दिसेल. हीच फसगत आहे या ट्रेलरची. भिंती उंच आहेत म्हणून माणूस भरत जातो. वरपर्यंत भरलात तर आठ हजार पाउंड नुसती खडी होईल, ते तर मिलिटरीने सुद्धा चालवून घेतलं नसतं, त्यांचं कच्च्या रस्त्यावरचं रेटिंग दीड टन म्हणजे ३,००० पाउंडच आहे.

टंगचं वजन गाडीच्या पेलोडमध्ये (गाडी स्वतःवर पेलू शकते त्या वजनात) मोजलं जातं हेही लक्षात ठेवा. ड्रायव्हरच्या दाराच्या पट्टीवर पिवळा-पांढरा स्टिकर आहे, माणसं + सामान + टंग मिळून त्या आकड्याच्या आत हवं.

ट्रॉलीवाला_कोल्हापूर

मी कोल्हापूरचा, घरची ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, सीझनला ऊस वाहतो. अमेरिकेतलं काही माहीत नाही पण टायरबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितोय. गुगल करून त्या ट्रेलरचे फोटो बघितले, ९.०० - २० चा टायर आहे आणि डिस्कला लॉक रिंग (टायर डिस्कवर धरून ठेवणारी लोखंडी कडी) आहे, आपल्याकडच्या जुन्या ट्रकला असायची तशीच. भावा, त्या रिंगच्या नादाला घरी लागू नकोस. रिंग नीट बसली नसेल आणि हवा भरली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला चाक आडवं टाकतो, रिंगवरून आरपार टामी घालतो, आणि लांब पाइप लावून बाजूला उभा राहून हवा भरतो, तरीसुद्धा त्याच्या एका पोराचा हात मनगटातून मोडलेला मी स्वतः पाहिलाय, १९९८ साली, आमच्याच ट्रकचं चाक होतं. त्या दिवशी मी तिथून चार पावलं मागे उभा होतो आणि अजून तो आवाज कानात आहे.

टायर पूर्ण बसलेला किंवा खूप कमी हवेवर चाललेला असेल तर जागेवर कॉम्प्रेसर लावून फुगवू नकोस, ट्रकचे टायर करणाऱ्या माणसाकडे दे, ज्याच्याकडे लोखंडी पिंजरा आहे.

वाईकर_डल्लस

ट्रॉलीवाल्या भाऊंना +१. इथे पण पिंजऱ्यातच भरायचा नियम आहे, आणि साध्या कारच्या टायर दुकानात गेलास तर ते हात लावणार नाहीत, ट्रकवाल्याकडेच जावं लागतं. टायरच्या कडेला डॉट कोड असतो, शेवटचे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा, त्यावर हायवेला जायचं नाव काढू नकोस, नक्षी नवीकोरी दिसत असली तरी. बाजूला बारीक भेगा असतील तरी तेच.

चाकाचे नट सोडताना डावीकडच्या बोल्टच्या टोकावर एल कोरलाय का बघ. असेल तर आटे उलटे आहेत, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलं की माणूस पाइप लावून जोर करतो आणि बोल्ट तोडून बसतो.

आता ब्रेक. मी हा ट्रेलर तीन वर्षं वापरतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. हवेचे दोन पाइप आहेत पण चाकापर्यंत हवा जात नाही, हवा पुढच्या एका सिलिंडरला ढकलते आणि तिथून पुढे साधा हायड्रॉलिक ब्रेक आहे, ड्रमवाला. त्यामुळे हवेचा भाग काढून त्या जागी इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक पंप बसवता येतो, पंप १२ व्होल्टवर चालतो आणि गाडीच्या ब्रेक कंट्रोलरवरून (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं गाडीतलं यंत्र) सिग्नल घेतो. ड्रमला १,००० पीएसआय वाला पंप चालतो, १,६०० वाला डिस्कसाठी असतो. तुझ्या गाडीत फॅक्टरी कंट्रोलर असेल तर मेनूमध्ये इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक असं सेटिंग शोध. एक गोष्ट मात्र विसरू नकोस, आर्मी या गाड्यांमध्ये सिलिकॉनचं डॉट ५ ब्रेक ऑइल घालते, पंप बहुतेक डॉट ३ चे असतात, आणि ही दोन्ही मिसळायची नाहीत. व्हील सिलिंडर उघडायचे, रबर बदलायचे, लाइन धुवून काढायची, मगच नवीन ऑइल. मी घाई करून नुसतं वरून भरलं होतं आणि महिन्याभरात डाव्या चाकाचा ब्रेक लागेनासा झाला, ड्रम उघडला तर आत चिकट लगदा.

टेक्सासमध्ये ग्रॉस (मालासकट) ४,५०० पाउंडच्या वर ट्रेलरला ब्रेक लागतातच, आणि कायद्याचं सोड, भरलेला असताना बिनब्रेकचा चालवून बघितलास तर पहिल्याच सिग्नलला कळेल. ब्रेकअवे स्विच आणि त्याची छोटी बॅटरी पण लाव, ट्रेलर सुटला तर त्याचे त्याला ब्रेक लागतात.

माळरान

बापरे. लेबल वाचलं, ताई म्हणाल्या तेच, ५,००० / ५००. दोन वर्षं त्याच रिसीव्हरला सायकल रॅक लावतोय पण एकदाही वाचलं नव्हतं. दाराचा स्टिकर १,५८० दाखवतो.

मग आणायचा कसा? ब्रेकचं काम दहा दिवसांत होणार नाही. आणि लाइटचं काय?

रिटायर्ड_ईएमई

बेटा, मी २६ वर्षं ईएमईत (भारतीय लष्कराचा गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) होतो, आयुष्य गाड्यांच्या खालीच गेलं, आता मुलीकडे ह्यूस्टनला असतो. मी सांगतो ते ऐक, पहिला प्रवास त्याला त्याच्या चाकावर करायला लावू नकोस. यार्डात किती वर्षं उभा होता, बेअरिंगमध्ये ग्रीस आहे की पाणी, कुणाला माहीत? डेकओव्हर फ्लॅटबेड (चाकांच्या वर सपाट फळा असलेला ट्रेलर) भाड्याने घे किंवा रोलबॅकवाल्याला (फळा तिरका करून गाडी वर चढवणारा ट्रक) सांग. साध्या कार ट्रेलरवर फेंडरच्या मध्ये बसेल असं धरून चालू नकोस, हा रुंद आहे, मोजून घे. चढवला की दोन्ही हँडब्रेक ओढायचे, चार कोपऱ्यांना चार साखळ्या, आणि दहा मैलांवर थांबून परत ताणायच्या.

घरी आल्यावर निवांत काम कर. दोन्ही हब उघड, बेअरिंग रॉकेलमध्ये धू, हातात धरून फिरव, खरखर लागली की बदल, नवीन सील, नवीन ग्रीस. मग रिकामा घेऊन दहा मैल जा आणि थांबून हबला हाताची मागची बाजू लाव. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नाही इतका तापला तर बेअरिंग आवळलंय किंवा ब्रेक घासतोय. आम्ही कॉन्व्हॉयमध्ये पहिल्या हॉल्टला चहाच्या आधी हे करायचो, प्रत्येक गाडीला, पावसात सुद्धा.

लाइट २४ व्होल्टचे आहेत, तुझी गाडी १२ ची. त्यातले बल्ब पेटतील पण काजव्यासारखे, मागच्याला ब्रेक दिसणारच नाही. अ‍ॅडॉप्टरने फक्त प्लग जुळतो, व्होल्टेज नाही. सरळ १२ व्होल्टचे एलईडी दिवे आणि सात पिनांची नवीन वायर टाक, एका दुपारचं काम आहे, आणि अर्थिंगची वायर वेगळी ओढ, रिंगमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नकोस.

अर्कान्सा_ताई

काकांचं सगळं बरोबर. हुकबद्दल राहिलं होतं ते सांगते. हा ट्रेलर उंच ट्रकसाठी बनवलाय, त्यामुळे रिंग तुमच्या रिसीव्हरपेक्षा बरीच वर येणार. भोकं असलेली प्लेट मिळते तिच्यावर पिंटल वरखाली बोल्ट करता येतो, ट्रेलर सपाट जमिनीवर लेव्हल करून रिंगची उंची मोजा आणि मगच विकत घ्या. प्लेटवर आणि हुकवर पण रेटिंग लिहिलेलं असतं, सगळ्यात लहान आकडा तोच तुमचा आकडा. हुक बंद केला की पिन घाला, पिन नसेल तर जागेवरून हलू नका. साखळ्या रिंगच्या खालून एकमेकींना छेद देऊन, म्हणजे रिंग सुटलीच तर तोंड रस्त्यावर न पडता साखळीच्या झोळीत पडेल.

आणि वजन पुढे ठेवा, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के टंगवर. हे मी जीव तोडून सांगतेय कारण आम्ही एकदा चुकलोय. लहान एम १०१ होता, ओकचे ओंडके भरले, जड बुंधे शेवटी हाताशी आले म्हणून मागेच टाकले. आय-४० वर उतारावर साठच्या स्पीडला एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला, आधी थोडा, मग आख्खी लेन. नवऱ्याने घाबरून ब्रेक दाबला तर जास्तच. मी ओरडले पाय काढ, त्याने पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि तो हळूहळू शांत झाला. त्या ट्रेलरला ब्रेक असते तर कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचा ब्रेक लावता आला असता, तोच खरा उपाय आहे. मागे कारसीटमध्ये मुलगी झोपली होती. म्हणून पोरं बरोबर असणार वाचलं आणि लिहायला बसले.

टंग मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो. तीन फुटांची मजबूत फळी, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, ट्रेलरचा पाय विटेपासून एका फुटावर टेकवायचा, आकडा येईल त्याला तीनने गुणायचं.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. अपडेट देतोय, तीन आठवडे झाले. पोरांना घरी ठेवलं, रोलबॅकवाल्याने यूएस-८२ ने टेक्सासमधल्याच पॅरिस, शर्मनमार्गे आणून दिला, पैसे गेले पण रात्री झोप लागली. डॉट कोड बघितला तर एका टायरवर तीनच आकडे! दोन्ही टायर ट्रकवाल्याकडून पिंजऱ्यात बदलून घेतले. उजव्या हबमधून अक्षरशः तपकिरी पाणी आलं, बेअरिंग दोन्हीकडची नवीन. लाइट झाले. रिकाम्याची टंग फळी लावून मोजली, काट्यावर ९० आलं म्हणजे २७०, ठीक वाटतंय ना? खडीसाठी हौद्याच्या आतून तीन इंचांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारलीय, तिच्या वर भरायचं नाही. म्हणजे १,४०० च्या आसपास, एकूण ४,१००.

पंप शनिवारी येतोय. वाईकर, डाव्या चाकाचा ड्रम निघता निघत नाहीये, तुम्ही कसा काढला होता?

वाईकर_डल्लस

२७० मस्त. ड्रमसाठी आधी हँडब्रेक पूर्ण सोडलाय का बघ, मग मागच्या प्लेटमधून अ‍ॅडजस्टर सैल करून शूज आत घे. जाम असेल तर कडेला डिझेल मारून रात्रभर ठेव आणि सकाळी लाकडी हातोडीने गोल गोल ठोक, एकाच जागी नको. शनिवारी मी मोकळा आहे, सकाळी नऊला येतो, ब्लीडिंगला (ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला) दोन माणसं लागतातच.