गोऱ्ह्याची जीनोमिक टेस्ट करून वळू ठेवावा का?

शिरूरचा_गोठेवाला
नमस्कार मंडळी. शिरूर तालुक्यात आमचा एचएफ (होल्स्टीन) क्रॉस, म्हणजे संकरित गायींचा गोठा आहे. मागच्या महिन्यात आमच्या सगळ्यात चांगल्या गायीला गोऱ्हा झालाय. गाय तिसऱ्या वेताची, भरात असली की ३० लिटरच्या वर जाते, कास पोटाला घट्ट, पाय पण मजबूत, आणि बाप इंपोर्टेड सिमेनचा, कांडीवरचा (सिमेनच्या नळीवरचा) नंबर लिहून ठेवलाय. आता गोऱ्हा झाला की पुढं त्याचं काय होतं ते सगळ्यांनाच माहितीये, पण हा द्यायला मन होईना. भाऊ म्हणतो ठेवू, आपल्या गायी दाखवू, गावातल्याही येतील, एआयला (कृत्रिम रेतनाला) गाय सारखी उलटतीये, गाभ राहत नाही, ती कटकट जाईल. मी कुठंतरी वाचलं की केसाची का रक्ताची जीनोमिक टेस्ट, म्हणजे डीएनएची तपासणी केली की लहानपणीच कळतं वळू किती दुधाचा निघणार. खरंय का? आणि करण्यात फायदा आहे का नुसता खर्च?

मंचरकर
टेस्ट खरी आहे, पण वळू काय दूध देणार भाऊ 😄 त्याच्या मुली कशा निघतील त्याचा अंदाज असतो तो. पूर्वी वळूची परीक्षा म्हणजे त्याचं सिमेन वापरा, कालवडी होऊ द्या, त्या मोठ्या होऊन व्यायल्या की दूध मोजा, पाच-सहा वर्षं गेलीच. अमेरिकेत होल्स्टीनला २००९ पासून डीएनएवरून अधिकृत आकडा द्यायला लागले, तेव्हापासून वासरू असतानाच छाटणी होते. आपल्याकडं पण एनडीडीबीची (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची) डीएनए वाचायची इंडसचिप आहे, आणि देशी गायींची गौ चिप २०२४ च्या ऑक्टोबरात वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते आली. उरुळी कांचनला बायफ संस्थेत जाऊन विचारा, क्रॉसब्रीडचं काम तिथं बरंच झालंय.

डॉक्टर_हवेली
मंचरकरांचं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

गोऱ्ह्याला निम्मे गुण आईचे निम्मे बापाचे, हे सगळे म्हणतात, पण कुठले निम्मे हे कोणाच्या हातात नाही. त्याच गायीला त्याच वळूपासून दोन गोऱ्हे झाले तरी एक चांगला आणि एक सुमार निघू शकतो. आईबापाच्या कागदावरून हा फरक कळत नाही, डीएनएवरून कळतो, चिपची खरी कमाल एवढीच. शिवाय ३० लिटर हे सगळं रक्तातलं नसतं. दुधातला साधारण ३० टक्के फरक अनुवंशिक असतो, बाकी तुमचा मुरघास, पाणी, सावली आणि तुमची मेहनत.

आता चिप नुसती डीएनए वाचते. कुठल्या खुणेमागं किती दूध हे ठरवायला हजारो गायींच्या दुधाची वर्षानुवर्षांची नोंद लागते. अमेरिकन होल्स्टीनची तशी नोंद प्रचंड आहे, त्यामुळं तिथं लहान वळूच्या दुधाच्या आकड्यावर ७० टक्क्यांच्या आसपास भरवसा ठेवता येतो. तोच हिशोब शिरूरच्या उन्हातल्या क्रॉस गाईच्या गोऱ्ह्याला लावला तर आकडा येईल हो, पण तो आकडा ज्या गायींवरून काढला त्या वेगळ्या, हवा वेगळी, आणि तुमच्या गाईतला देशी हिस्सा त्या हिशोबात नाहीच. म्हणून करायची तर इथल्या क्रॉसब्रीडच्या नोंदीवर बेतलेलीच करा.

आणि मुख्य म्हणजे टेस्ट निवडीसाठी असते. सिमेन स्टेशनवाले ढीगभर गोऱ्हे तपासतात, त्यातले मोजके ठेवतात, आणि त्या एकेकाच्या वर्षाला हजारो कांड्या निघतात, तिथं खर्च वसूल होतो. तुमच्याकडं एकच गोऱ्हा. आकडा चांगला आला तर ठेवणार, मध्यम आला तरी मन होईना म्हणून ठेवणारच, खरं सांगा 🙂

उरुळीचा_आप्पा
मी तर म्हणतो टेस्ट राहू द्या बाजूला, घरचा वळू हाच घोळ आहे. दोन-तीन वर्षांनी त्याच्याच कालवडी माजावर येणार, तेव्हा काय बापच दाखवणार? आणि गावातल्या गायी येणार म्हणजे ब्रुसेला, आयबीआर असले गर्भपाताचे रोग काय काय घेऊन येणार. एक गाय गाभडली की चार लिटरचा नफा गेला खड्ड्यात. सिमेन स्टेशनवर वळू घेताना टीबी, जेडी (जोन्स रोग), ब्रुसेला सगळं तपासून वेगळा ठेवतात, एचएफला बीएलएडी, सिट्रुलिनेमिया असले अनुवंशिक रोग पण बघतात. आपल्या गोठ्यात कोण बघतंय.

डॉक्टर_हवेली
आप्पा, अनुवंशिक रोगाचा मुद्दा काढलात ते बरं केलं. अमेरिकेत चीफ नावाचा होल्स्टीन वळू होता, जन्म १९६२ चा. मुली भरपूर दुधाच्या, म्हणून त्याचं रक्त जगभर पसरलं. त्याच्यात एक दोष लपलेला होता, तो आई आणि बाप दोन्हीकडून आला की गर्भ पोटातच मरतो. जगभरात पाच लाखांच्या वर गर्भ त्यापायी गेले असा अंदाज आहे, आणि हे कळलं जीनोमिक डेटा हातात आल्यावर, म्हणजे पन्नास वर्षांनी. मालकाला काय दिसणार, गाय उलटली एवढंच.

पण शिरूरकर, तुमच्या गायी उलटतात त्याला हे कारण पहिलं धरू नका. आधी माज नीट ओळखला जातोय का, भरायची वेळ चुकतीये का, मिनरल मिक्श्चर देताय का, गर्भाशयात घाण आहे का ते बघा. वळू आणून माज आणि वेळेचं थोडं सुटेल, बाकीचं काही सुधारत नाही.

मंचरकर
टेस्टच करायची हौस असेल तर कालवडींची करा. वरच्या दोन-चारांना सेक्स सॉर्टेड (बहुतेक कालवडीच होणारी) कांडी, खालच्यांना साधी.

उरुळीचा_आप्पा
कालवडींना तरी कशाला? आधी वहीत दूध लिहा, महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून. बारा अंकी टॅग कानात आहे आणि नोंद शून्य, अशी आपली तऱ्हा. नोंदीच नसतील तर चिपवाले तरी आकडा कशावरून काढणार.

शिरूरचा_गोठेवाला
सगळ्यांचे आभार. भावाला वाचून दाखवलं, तो जरा नरमलाय. एक विचारतो, गोऱ्ह्याबरोबर जुळी कालवड पण आहे. तिची टेस्ट करून ठेवू का मग? आई तीच, बाप तोच.

डॉक्टर_हवेली
थांबा थांबा, हे आधी सांगायचं ना! नर-मादी जुळं असेल तर दहातल्या नऊ कालवडी वांझ निघतात, फ्रीमार्टिन म्हणतात त्याला. पोटात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि नराकडचे हार्मोन तिच्या वाढीत ढवळाढवळ करतात. बाहेरून कालवड नॉर्मल दिसते, दोन वर्षं खाऊ घालता आणि माजावरच येत नाही. तुमच्या डॉक्टरांना योनीत बारीक गुळगुळीत नळी हळूच घालून बघायला सांगा, नॉर्मल कालवडीला ती बरीच आत जाते, फ्रीमार्टिनला लगेच अडते. खात्री करायची तर रक्तात नराच्या पेशी आहेत का ते लॅबमध्ये कळतं.

आणि जीनोमिक टेस्ट कधी केलीच, तर या दोघांचं रक्त देऊ नका, एकमेकांत मिसळलेलं असतं, रिपोर्टचा बट्ट्याबोळ होईल. शेपटीच्या गोंड्याचे केस मुळासकट उपटून द्या, कापून नाही, डीएनए मुळात असतो. गोऱ्ह्याबद्दलही ऐका, अशा जुळ्यातल्या नराची प्रजननशक्ती कधीकधी कमी निघते.

शिरूरचा_गोठेवाला
लाळ्या-खुरकुतच्या लसीला डॉक्टर येणारच आहेत, तेव्हा नळीचं करून घेतो. कालवड बरी निघाली तर ठेवायची. गोऱ्ह्याचं भावाला तुम्हीच फोन करून सांगा डॉक्टर, माझं ऐकत नाही तो 😅