मदत हवी आहे : थाई मालिश शिकावे का?

नमस्कार. गेली 9 वर्षे मी पुण्यात तेल लावून मालिश करण्याचे काम करते. आता दोन्ही अंगठ्यांचे सांधे दुखू लागल्यामुळे, जमिनीवर गादी अंथरून, सैल कपड्यांवरून आणि तेलाशिवाय केले जाणारे थाई मालिश, म्हणजेच ‘नुआद थाई’, शिकण्याचा विचार करत आहे. 2019 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आलेल्या या पद्धतीत तळहात, कोपर, गुडघे आणि पाऊल वापरून, मनगटाच्या जोरापेक्षा शरीराचा भार झुकवून दाब दिला जातो. त्यामुळे ग्राहकाचे आखडलेले अंग मोकळे होतेच, शिवाय मालिश करणाऱ्याचे हातही वाचतात, असे ऐकते. (बुद्धांचे वैद्य जीवक यांना थाई परंपरा आद्य गुरू मानते, हे कळल्यावर मला उगाच आपुलकी वाटली.)

बँकॉकच्या वाट फो मंदिराच्या मालिश शाळेत आपल्यापैकी कोणी शिकले आहे का? तासन्‌तास गुडघ्यांवर बसून काम केल्याने दुखणे अंगठ्यांतून गुडघ्यांत तर सरकत नाही ना, ही माझी खरी शंका आहे. ठिसूळ हाडे किंवा गर्भारपण असलेल्या ग्राहकांबाबत कोणते ताण टाळावेत, हे तिथे कितपत शिकवतात, तेही अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.